पावसाळ्याचे जळण

वैशाख लागला की आमच्या डोंगराकडच्या गावांत घाई सुरू होते. छपराची कौले चाळायची. बियाणे बघायचे. आणि जळण भरायचे. आमच्याकडे एकदा पाऊस बसला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भिंतींना ओल चढते. अंथरूण गार लागते. त्या दिवसांत ज्याच्या पडवीत कोरडे लाकूड असेल तो सावकार!

आमच्या शेजारच्या अण्णांना मागच्या वर्षी जळणाची काळजी जास्त होती. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस भरणार होते आषाढाच्या अखेरीस. घरात गॅस आहे. भाकरी-कालवण त्यावर होते. पण बाळंतिणीच्या न्हाणीला रोज दोन हंडे कढत पाणी लागते. शिवाय घरच्या पाच माणसांच्या आंघोळी. एवढे पाणी गॅसवर तापवायचे, तर टाकी किती दिवस पुरणार? मग न्हाणीतले चुलाण पेटवण्यावाचून इलाज नाही.

अण्णांच्या आईने, म्हणजे आजींनी, बोटांवर हिशेब केला. रोज पाच-साडेपाच किलो लाकूड. असे तीन महिने. म्हणजे झाले पाच क्विंटल.

अण्णा तालुक्याच्या वखारीत गेले. बरोबर मला नेले. आजीही हट्टाने टेम्पोत बसल्या.

वखारीत दोन ढीग होते. एक ताज्या तोडीचा. भाव किलोला ५ रुपये. दुसरा गेल्या वर्षीच्या चिरलेल्या ढलप्यांचा. भाव ८ रुपये. भाव गावोगावी वेगळा असतो. पण ओल्या-सुक्यात फरक सगळीकडे असतोच.

अण्णा म्हणाले, "पाच क्विंटलचे अडीच हजार. न्हाई तर चार हजार. दीड हजाराचा फरक हाय. पाचवालंच भरा."

वखारवाला म्हणाला, "घ्या की अण्णा. बाभळीचं हाय. चार दिवसांत वाळंल."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ओल्या ढिगातली दोन लाकडे उचलली आणि एकमेकांवर आपटली. आवाज आला, धप. मग सुक्या ढिगातली दोन घेतली. आवाज आला, टण्. "ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "ह्यो पाणी इकतोय. लाकूड न्हाई."

आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्या बोलल्या त्यात पुरे शास्त्र आहे. ते आपण नीट समजून घेऊ.

झाड जिवंत असते तेव्हा मुळे पाणी ओढतात आणि ते लाकडातून वर चढते. झाड तोडले तरी ते पाणी आतच राहते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. शंभर किलो ओले लाकूड घेतले, की त्यात पन्नास लिटर पाणी आले. म्हणजे तीन-चार घागरी! तुम्ही पैसे मोजता लाकडाचे आणि घरी आणता घागरी.

बरे, ते पाणी नुसते पडून राहत नाही. लाकूड चुलीत घातले की आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते. तोवर लाकूड धड पेटत नाही. चहाचे आधण चुलीवर विसरले, तर ते आटायला किती वेळ लागतो, हे घरातल्या बाईला विचारा. तसे चार घागरी पाणी आटवायचे आहे. त्याला जो जाळ लागतो तो त्याच लाकडातून जातो. तुमच्या हंड्याच्या वाट्याला उरेल ते.

किती उरते? त्याचे मोजमाप झालेले आहे. चांगल्या वाळलेल्या लाकडातही शेकडा वीसपर्यंत पाणी असते. त्याच्या एका किलोपासून जेवढी उष्णता मिळते, तिच्या जेमतेम निम्मी किंवा थोडी अधिक उष्णता ओल्या किलोपासून मिळते. शंभर किलो ओले लाकूड म्हणजे छप्पन्न किलो सुके, असे धरून चाला.

आता हिशेब करा. वही घ्या. शंभर किलो ओल्याचे ५०० रुपये. त्याची ऊब छप्पन्न किलो सुक्याएवढी. छप्पन्न किलो सुके घेतले असते, तर आठाच्या भावाने ४४८ रुपये लागले असते. म्हणजे शंभर किलोमागे ५२ रुपयांचा खड्डा. अण्णांना पाच क्विंटल सुक्याची ऊब हवी होती. ती ओल्यापासून मिळवायची, तर जवळजवळ नऊ क्विंटल लाकूड जाळावे लागले असते. त्याचे होतात साडेचार हजार. वर धूर फुकट.

अण्णा गप्प झाले. मग त्यांनी शंका काढली, आणि ती रास्त होती. "आपुन घरीच वाळवलं तर?"

तर हिशेब बदलतो. शंभर किलो ओल्यात पन्नास किलो खरे लाकूड असते. ते शेकडा वीसपर्यंत वाळले की वजन भरते साडेबासष्ट किलो. पाचशे रुपये भागिले साडेबासष्ट. उत्तर आठ. म्हणजे सुक्याचाच भाव पडला. चिरायची मेहनत तुमची, जागा तुमची. पण हेच ओले लाकूड माघ-फाल्गुनात चार रुपयांनी मिळाले, आणि घरी उन्हाळाभर ऊन खायला अंगण असले, तर घ्यावे. त्यात नक्की फायदा आहे. मात्र घेतल्या घेतल्या चिरावे. ओंडका गोल ठेवला तर साल पाणी बाहेर जाऊ देत नाही. वर्ष झाले तरी तो आतून ओला निघतो. चिरलेले ढलपे दोन-तीन महिन्यांच्या कडक उन्हात बऱ्यापैकी सुकतात. अण्णांच्या हाती तेवढे दिवस नव्हते. वैशाख निम्मा सरला होता.

सुके म्हणून ओले गळ्यात मारतात, ते कसे ओळखायचे? आवाजाची खूण आजींनी दाखवलीच. दुसरे, लाकडाचे तोंड बघावे. वाळलेल्या लाकडाच्या तोंडाला मधून कडेकडे बारीक भेगा गेलेल्या असतात. साल सुटलेली असते, नखाने निघते. रंग उतरलेला असतो. पण ढीग वरून उन्हाने वाळतो आणि खालून ओलाच राहतो. म्हणून एक जाड लाकूड खालून ओढून घ्यावे. ते मधोमध फोडायला लावावे. फोडलेली बाजू गालाला लावावी. गार, दमट लागली तर भाव करू नये. हाताला कळत नाही ते गालाला कळते.

पक्की परीक्षा घरी करता येते. पाचशे ग्रॅम ढलपे तराजूत मोजून घ्या. चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवा. आठवड्याने मोजा. पुन्हा आठवड्याने मोजा. वजन उतरायचे थांबले, की थांबा. चारशे भरले, तर शंभर ग्रॅम पाणी होते. शेकडा वीस. ते लाकूड चांगले. अडीचशे-तीनशेच भरले, तर त्या वखारीला पुन्हा जाऊ नका.

कोणत्या झाडाचे घ्यावे, याचा वाद आमच्याकडे पारावर तासन् तास चालतो. खरी गोष्ट सोपी आहे. किलोवर घेणार असाल, तर झाडाचा फार फरक पडत नाही. सारखे वाळलेले किलोभर बाभळीचे आणि किलोभर आंब्याचे लाकूड, दोन्हींची ऊब जवळपास सारखीच. पण गाडीवर किंवा ढिगावर घेणार असाल, तर झाड बघा. सावरीचे लाकूड पोकळ, हलके. सावरीची गाडी भरली तरी तिच्यात बाभळीच्या गाडीच्या निम्मीही ऊब नसते. बाभळीचा निखाराही टिकतो. कण्हेर मात्र कधी जाळू नये. तिचा धूरही विषारी असतो. रंग दिलेली फळकुटे आणि प्लायवूडचे तुकडे फुकट मिळाले तरी आणू नयेत.

आणखी एक. आंबा, चिंच, जांभूळ, खैर, सागवान अशी काही झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तसा १९६४ चा कायदा आहे. तेव्हा वखारवाल्याकडून पावती घ्यावी. रस्त्यात टेम्पो अडवला तर ती कामाला येते. वजनही पुऱ्या टेम्पोचे करावे. आधी रिकाम्याचे, मग भरल्याचे. दोन्ही चिठ्ठ्या आपल्या खिशात.

अण्णांनी सुके पाच क्विंटल भरले. पडवीत खाली विटा मांडून वर रचले. दोन रांगांत हात जाईल एवढी फट ठेवली. वारा खेळला पाहिजे. वरून पत्रा टाकला, पण बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले नाही. गुंडाळले की आत घाम धरतो आणि बुरशी येते. बाळंतिणीच्या खोलीत लाकडे रचायची नाहीत, असे आजींनी आधीच बजावले होते. विंचू-काट्याचे भय.

इथे माझी फजिती सांगतो. त्याच सुमाराला आमच्या बाजारात एक टेम्पो आला. त्यात गोण्या होत्या. गोणीत बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी कांड्या. त्यांना पेलेट म्हणतात. "लाकडाच्या भुश्याच्या हायेत. धूर नाही, राख नाही," असे तो विकणारा ओरडत होता. किलोला बारा रुपये. मेहुण्याने दिलेली पंख्याची पेलेट-चूल माझ्याकडे पडून होती. मी दोन गोण्या घेतल्या.

वस्तू मुळात खोटी नाही. थंड मुलखात, ऑस्ट्रियात, जर्मनीत, इटलीत, स्वीडनमध्ये, लोक घरे उबदार ठेवायला ह्याच कांड्या जाळतात. तिकडे लाकूड कापण्याच्या गिरण्यांत भुसा उरतो. तो वाळवून लोखंडी भोकांतून मोठ्या दाबाने रेटतात. दाबाने भुसा तापतो. लाकडात एक चिकट द्रव्य असते, ते मऊ होऊन कणांना धरून ठेवते. वेगळा डिंक लागत नाही. कांडी सहा किंवा आठ मिलिमीटर जाडीची. तिच्यात पाणी शेकडा दहापेक्षा जास्त चालत नाही. राख तर पहिल्या प्रतीत शंभर किलोला सातशे ग्रॅमपेक्षा जास्त निघता कामा नये. असे नियम ठरलेले आहेत आणि गोणीवर तशी खूण छापतात. पण तिथल्या माणसालाही भावाची काळजी सुटलेली नाही. २०२२ साली युक्रेनची लढाई सुरू झाली. रशिया-बेलारूसकडून येणारा माल थांबला. ऑस्ट्रिया-जर्मनीत पेलेटचे भाव दुपटीच्या वर गेले. ज्यांनी उन्हाळ्यातच कोठार भरण्याची सवय ठेवली होती, त्यांनाही त्या वर्षी झळ लागली.

माझ्या गोण्यांचे काय झाले? एक किलो जाळले आणि राख मोजली. दोनशे ग्रॅम! लाकडाच्या भुश्यात शंभराला एक किलोही राख नसते. भाताच्या पेंढ्यात पंधरा-वीस असते. म्हणजे एक तर तो पेंढा होता, नाही तर भुश्यात माती होती. गोणीच्या तळाला दोन ओंजळी चुराही निघाला. राखेने चुलीची जाळी बुजली आणि पंखा घरघरू लागला. सहाशे रुपयांच्या वर पैसे गेले. टेम्पो पुन्हा काही दिसला नाही.

तेव्हा पेलेट घ्यायचे असले, तर आधी एक किलो घ्यावे. कांडी मोडून बघावी. चांगली कांडी कट्कन मोडते, दाबली तर चुरत नाही, अंगाला चकाकी असते. पाण्याच्या पेल्यात टाकली तर तळाला जाते, तरंगत नाही. मग जाळून राख मोजावी. पेलेट घेण्यापूर्वी आणखी एक विचारावे. हा माल वर्षभर मिळणार आहे का? २००६ नंतर महाराष्ट्र-कर्नाटकात अशा चुली लाखांनी विकल्या गेल्या. पुढे कांड्यांचे भाव चढले. चुली माळ्यावर गेल्या. साध्या तीन दगडांच्या चुलीत पेलेट नीट जळत नाहीत. ढीग बसतो, खालून वारा मिळत नाही, नुसता धूर होतो. त्यामुळे चूल आणि माल दोन्ही बरोबर हवेत. पाऊस लागला तर कांडी फुगून पुन्हा भुसा होते, हेही लक्षात असू द्या.

असो. अण्णांकडे वळू.

लेकीचे बाळंतपण सरकारी दवाखान्यात नीट पार पडले. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आणले. पाऊस मी म्हणत होता. पण चुलाण पेटले की न्हाणीत धूर कोंडत नव्हता. लेकीचे डोळे चुरचुरत नव्हते. आजी जाता-येता सगळ्यांना सांगायच्या, "लाकूड बघून घेतलंय आमी."

बाराव्या दिवशी बारसे झाले. पाहुणे परतले. रात्री गार वारा सुटला. आजींनी चुलाणातले लालबुंद निखारे शेगडीत भरले. बाभळीचे निखारे. धूर नाही, वास नाही. शेगडी बाळंतिणीच्या खोलीत ठेवली. खिडकी लावली. फटीत चिंधी कोंबली. दाराच्या उंबऱ्याला पोते लावले. आजी, लेक आणि बाळ आत झोपले.

पहाटे चारच्या सुमाराला अण्णांच्या घरातून हाक ऐकू आली. मी धावलो. लेक बाळाला पाजायला उठली होती. उठताच तिचा तोल गेला. डोके ठणकत होते. कशीबशी दाराशी येऊन तिने दार लोटले आणि तिथेच बसून ओकली. बाळ मलूल होते, तोंडात घेत नव्हते. आजी हाक मारून उठेनात.

अण्णा म्हणाले, "दृष्ट लागली." कुणी म्हणाले, "बारशाचं जेवण बाधलं." तेवढ्यात आशाताई आल्या. त्या शेगडी बघताच ओरडल्या, "आधी तिघांना बाहेर काढा! खिडकी उघडा!" आम्ही आजींना बाजेसकट पडवीत आणले. शेगडी अंगणात फेकली. आशाताईंनी १०८ ला फोन लावला. गाडी अर्ध्या तासात आली. तो अर्धा तास मी विसरणार नाही. आजींचा श्वास चालू होता. तेवढाच धीर.

ग्रामीण रुग्णालयात तिघांनाही नळीने प्राणवायू दिला. आजींना शुद्धीवर यायला दुपार झाली. बाळ त्याच्या आधी रडले. सगळी खोली ते रडणे ऐकून हसली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितले. निखारा किंवा कोळसा जळतो तेव्हा एक वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही. वास नाही. तो डोळ्याला झोंबत नाही. लाकूड धुमसते तेव्हा धूर तरी आपल्याला बाहेर हाकलतो. हा वायू हाकलत नाही, झोपवतो. रक्त अंगभर प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याच जागी जाऊन बसतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट बसतो. मग माणूस श्वास घेत असला तरी आतून गुदमरतो. डोके दुखणे, मळमळ, भोवळ, झोप अनावर होणे, ही त्याची लक्षणे. एकाच खोलीतल्या सगळ्यांना ती एकदम होऊ लागली, तर दुसरे कारण शोधत बसू नये. उघड्यावर यावे. बरे वाटले तरी दवाखान्यात जावे.

मी विचारले, "बाई, लाकूड तर उत्तम सुकं होतं."

त्या म्हणाल्या, "लाकडाचा दोष नाही. खोली बंद होती. तुमच्या त्या पेलेटची गोष्टही तशीच आहे. परदेशात पेलेटच्या बंद कोठारात उतरलेली माणसे मेलेली आहेत. तिथे विस्तवही नव्हता. नुसत्या साठवलेल्या मालातून हा वायू निघतो."

अण्णांनी विचारले, "मग बाळाला ऊब कशी द्यायची?"

"आईच्या छातीशी," बाई म्हणाल्या. "उघड्या अंगाला अंग. वरून दोघींना पांघरूण. बाळाच्या डोक्याला टोपडे, पायांत मोजे. त्याहून चांगली शेगडी नाही. आणि आंघोळीचे पाणी बाहेर तापवा, खोलीत नको."

तिघे चौथ्या दिवशी घरी आले. आजी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "मास्तर, माझ्या सासूनं अशीच शेगडी ठेवली हुती. तिच्या सासूनंबी."

मी म्हणालो, "आजी, तेव्हा घर कुडाचं होतं. फटीफटीतून वारा यायचा. आता भिंती सिमेंटच्या. खिडकीला काच."

आजींनी मान हलवली. मग उठल्या. स्वयंपाकघरातला जुना पाटा त्यांनी दोन्ही हातांनी ओढत आणला. मी मदतीला गेलो तर नको म्हणाल्या. बाळंतिणीचे दार वीतभर उघडे राहील असा तो पाटा त्यांनी उंबऱ्यावर लावला. भाद्रपदात लेक बाळ घेऊन सासरी गेली, तोवर तो तिथून हलला नाही.